माघार

महापौर जिन्यातच दम खायला थांबले. निवडणूक कार्यालय दुसऱ्या मजल्यावर होतं आणि लिफ्ट बंद. ती सुरू करायचं आश्वासन त्यांचंच, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार?

एके काळी ते राजधानीत मंत्री होते. पुढे-मागे गाड्या असत. मग सरकार पडलं, पक्षाने तिकीट कापलं आणि ‘आता घरचं शहर सांभाळा’ म्हणून पाठवणी केली. ते सांभाळता सांभाळता केस गेले, गुडघे गेले. तुंबलेल्या गटारांचे आणि शेजाऱ्यांच्या भांडणांचे फोन तेवढे राहिले. आता त्यांना मनापासून कंटाळा आला होता.

आज अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. मोकळं व्हायचं आणि मुलीच्या गावी राहायला जायचं, असा बायकोला शब्द देऊन ते सकाळी निघाले होते. पक्षाला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर मनधरणी करायला अख्खी फौज दारात आली असती.

शहराची काळजी नव्हती. रिंगणात ते धरून तिघं. त्यातला एक टँकरवाला. त्याचा धंदाच नळ कोरडे राहण्यावर चालायचा. नवी जलवाहिनी निम्मी झाली होती. तो आला तर उरलेली निम्मी कधीच होणार नव्हती. पण तिसरे होते मास्तर. दर निवडणुकीत ते महापौरांविरुद्ध उभे राहत, सभेत त्यांची सालटी काढत आणि पडत. तोंडाने फटकळ, पण माणूस सरळ. आपण बाजूला झालो की मास्तरच येणार, याबद्दल महापौरांना शंका नव्हती.

ते वर पोहोचले तेव्हा मास्तर कार्यालयातून बाहेर येत होते. चेहरा परीक्षा संपलेल्या पोरासारखा.

“घेतला बुवा अर्ज मागे,” मास्तर म्हणाले. “बायपास झाल्यापासून घरात रोज कटकट. आता नाही झेपत.”

महापौरांनी विचारलं, “आणि टँकरवाला?”

“तुम्ही आहात की. तुमच्यापुढे त्याचा काय टिकाव लागणार? खरं सांगू, साहेब? तुम्ही खुर्चीवर असलात की मला झोप लागते. पण हे सभेत कसं बोलणार?”

त्यांचा हात दाबून मास्तर कठडा धरत सावकाश उतरून गेले. महापौरांना त्यांचा राग आला, मग स्वतःचा आला. आतून कारकून ‘या साहेब’ म्हणाला. ते दारात बराच वेळ उभे राहिले आणि आत न जाता बाहेरच्या बाकावर बसले. मुदत संपली तसं कारकुनाने दार लोटून घेतलं.

तेवढ्यात बायकोचा फोन आला.

“अहो, घेतला का अर्ज मागे?”

“घेतला.”

“सुटले गं बाई.” ती हसली. असं हसणं त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. “थांबा, पोरीला सांगते आधी.”

“मास्तरांनी घेतला,” महापौर म्हणाले.