क्रिस्टल काढल्यावर

"बल्ब पेटला म्हणून हरखू नकोस, पोरी. आधी क्रिस्टल उपटून बघ. तरी बल्ब जळत राहिला, तर तो संच बोलत नाही, बरळतोय."

म्बाह सुकीरांनी, म्हणजे सुकीर आजोबांनी, हे सांगितलं त्याला सहा वर्षं झाली. वार्सिनीने तेव्हा आपला पहिलाच बिनतारी संच जुळवला होता. क्रिस्टल संचाला ठरलेल्या लहरीवर धरून ठेवतो; तो काढला की बल्ब विझायलाच हवा. तिच्या आनंदावर असं पाणी ओतून झाल्यावर म्हाताऱ्याने स्वतःच्या हाताने तिला कॉफी करून दिली होती.

आज त्यांच्या ओट्यावरच्या टेबलावर त्यांनी स्वतः जुळवलेला संच होता. बिस्किटांच्या जुन्या डब्यात बसवलेला, अँटेनाच्या जागी बल्ब जोडलेला. मघाशी तो बल्ब लख्ख पेटला तेव्हा त्यांच्या बिनतारी मंडळातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. क्रिस्टल कोणी काढून पाहिला नाही. म्बाहांच्या संचाची परीक्षा घेणार कोण? नवा संच बाहेर पडायचा म्हणून पिवळ्या भाताचा डोंगर रचला होता, तो कापायला सगळे आत गेले. वार्सिनीचा गुरुवारचा रोजा होता. ती ओट्यावरच राहिली.

संच आज वर जायचा होता, ज्वालामुखीच्या अंगावरच्या शेवटच्या वस्तीत. तिथे फोन लागत नाही. शिखरावर पाऊस झाला की राखेचा चिखल अर्ध्या तासात नदीतून खाली उतरतो, आणि खाली पात्रात माणसं वाळू भरत असतात. त्या वस्तीतल्या पाइनेमने वरून नदीवर नजर ठेवायची, संचावर सांगायचं आणि खालच्यांनी पात्र सोडून पळायचं, असं ठरलं होतं. "गुरुवारी अंधार पडायच्या आत संच तुझ्याकडे असेल," असा शब्द पाइनेमला वार्सिनीनेच दिला होता.

तिने बटण बंद केलं. बिस्मिल्ला म्हणून क्रिस्टल उपटला आणि बटण पुन्हा दाबलं.

बल्ब जळत राहिला. तेवढाच लख्ख.

म्हणजे पाइनेमने घसा फोडून सांगितलं असतं, ते भलत्याच लहरीवर गेलं असतं, आणि खाली कोणाला काही ऐकू आलं नसतं.

आतून हसण्याचे आवाज येत होते. कोणीतरी म्बाहांना भाताचं टोक खायचा आग्रह करत होतं. वार्सिनी मूठ मिटून बसून राहिली. आत जाऊन सांगायचं म्हटलं तर ताट हातात घेतलेल्या दहा माणसांसमोर सांगावं लागणार. न सांगावं, तर पात्रातली माणसं.

तेवढ्यात म्बाहच बाहेर आले. त्यांच्या हातात केळीच्या पानात बांधलेला भात होता.

"हे रोजा सोडायला. टेगुहच्या नजरेतून वाचवलंय, लपवून ठेव." मग त्यांचं लक्ष बल्बाकडे गेलं. "बंद करायचा राहिला का गं?"

वार्सिनीने मूठ उघडली. तळहातावर क्रिस्टल होता.

पुरचुंडी हळूच टेबलावर ठेवून म्बाह बाकावर बसले. बल्बाकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं, जसं ताप आलेल्या मुलाकडे बघावं.

"मी काढून बघितलाच नाही," ते म्हणाले. "म्हटलं, आपलाच तर आहे."

तिने बटण बंद केलं.

"आत सांगणार आहेस?"

"विचारलं तर खोटं बोलणार नाही, म्बाह. रोजा आहे."

"आणि नसता तर?"

"तरी खरंच बोलले असते. जरा अडखळत."

म्हातारा गालात हसला, पण हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. त्याने डब्याचं झाकण काढलं आणि आतल्या तारांवर वाकला. "दोन दिवस लागतील. सगळं उसवावं लागेल."

"लागू देत."

टेगुह हात पुसत दारात आला. मंडळातला सगळ्यात तोंडाळ तोच. "वार्सिनीताई, पोटात कावळे ओरडले तर संचावर ऐकू येतील हं. चला, हा गाडीवर चढवू का? शिखरावर ढग बसलाय."

म्बाहांचा तारांवरचा हात तिथेच थांबला.

"हा इथेच राहू दे," वार्सिनी म्हणाली. "म्बाहांना त्यात अजून थोडं काम करायचंय. वर मी माझा नेते."

"तुमचा? आणि पहाटेच्या हजेरीचं काय?"

रोज फजरच्या नमाजानंतर ती आपल्या संचावरून मंडळातल्या एकेकाचं नाव पुकारायची. आजारी असो, पाहुणे असोत. तीन वर्षांत एक दिवस चुकलेला नव्हता.

"हजेरी म्बाह घेतील, त्यांच्या घरच्या संचावरून," ती म्हणाली.

टेगुहने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा उघड्या डब्याकडे. "मी दोरी आणतो," एवढंच म्हणाला.

घरी येऊन वार्सिनीने भिंतीजवळचा आपला संच सोडवला. वायर निघाली तशी ती जागा एकदम मोठी दिसायला लागली. तिने संच आणि बॅटरी जुन्या सारोंगमध्ये गुंडाळली, टेगुहच्या दोरीने गाडीला बांधली आणि गाठ दोनदा ओढून पाहिली.

पुलावर तिने गाडी जरा हळू केली. खाली पात्रात आठ-दहा माणसं ट्रकमध्ये वाळू भरत होती. एकाने तिला ओळखून फावडं वर केलं. तिने मान हलवली आणि ढगाकडे जाणारा चढाचा रस्ता धरला.