खुर्चीच्या पोटातला चित्रपट

पडद्यावरच्या वृद्ध द्वारपालाने किल्ली फिरवली, दार बंद झाले आणि चित्रपट संपला. पडदा म्हणजे उशीच्या अभ्र्यांचे पांढरे कापड. खुर्च्यांना गाद्या चढवणाऱ्या मामांच्या दुकानाचे ते तळघर होते. चारही भिंतींशी कापसाचे गठ्ठे रचले होते. आतला शब्द बाहेर जात नसे. चित्रपटात मात्र शब्दच नव्हता. चाळीस मिनिटे केवळ हात, कुलुपे आणि भिंती. सहा प्रेक्षकांपैकी एकानेही टाळी वाजवली नाही.

ज्या कादंबरीवरून मामांच्या भाचीने हा चित्रपट रचला, ती जवळ बाळगणे हाच अपराध होता. छापील प्रत एकच उरली होती आणि ती सरकारी निरीक्षण कार्यालयाच्या कुलपात होती. लोकांपाशी होत्या त्या हाताने उतरवलेल्या वह्या. चित्रपटाची पहिली प्रत गेल्या महिन्यात पकडली गेली; तिच्यासोबत छायाचित्रकारही गेला. खबर आतूनच फुटली, एवढे सर्वांना उमजले होते. ही दुसरी प्रत, आणि अखेरची. मामा ती एका खुर्चीच्या बैठकीत शिवून सीमेपार धाडणार होते.

मामांनी प्रत्येकाला जिन्यापर्यंत सोडले. नाव विचारले, घर कुठे, तेही आपुलकीने विचारले. मग परत येऊन त्यांनी दोऱ्याला मेण लावले.

"आण गं तो फिल्मचा डबा. असा शिवतो, की बसणाऱ्याच्या बुडालासुद्धा पत्ता लागायचा नाही."

भाची हसली. आईच्या पश्चात मायेचे असे हे एकच घर तिला उरले होते. तिने डबा पुढे केला.

"मामा, खरं सांग. कसा वाटला?"

"झकास. शेवट तेवढा तू फिरवलास. पुस्तकात म्हातारा दार उघडतो की."

"तू कधी वाचलंस पुस्तक?"

"घ्या! तुझीच वही, दोनदा वाचलीय. मामाला अगदीच अडाणी समजतेस होय?"

त्यांचा एक हात डब्यासाठी पुढे आला होता. दुसऱ्या हातात ओवलेली वाकडी सुई होती. भाचीने डबा सावकाश मागे घेतला आणि छातीशी धरला.

"पडद्यावरचा शेवट माझा आहे, मामा. शेवटचं पान आमच्यातल्या कुणाच्याच वहीत नाही."