लिंबाचा साबण

ज्ञानेश घरी स्वतःचा चहाचा कपसुद्धा विसळत नाही. पण हल्ली चाकणच्या कंपनीतून त्याचा जेवणाचा डबा रोज लख्ख घासून येत होता, आणि ते बघून त्याच्या बायकोचा, दिव्याचा, नुसता जळफळाट होत होता.

"कोण घासतं रे हा डबा?"

"मीच. कँटीनच्या नळावर."

तिने झाकण नाकाशी नेलं. लिंबाच्या साबणाचा वास!

"त्या नळावर साबण नसतो, ज्ञानेश."

"तुला काय माहीत?" तो बोलून गेला.



तिला नाही तर कुणाला माहीत असणार? लग्नाआधी त्याच कंपनीत कामाला असताना, पर्समधून घरचा साबण नेऊन तीच त्याचा डबा घासायची. तेव्हा तो भरून द्यायची त्याची पहिली बायको.