दोन्ही एकच

"ताई, दोन्ही एकच शेतस. जी आवडी ती ल्या," म्हणत शहाद्याच्या त्या म्हाताऱ्या घड्याळवाल्यानं दोन जुनी स्विस घड्याळं माझ्यापुढे आपटली. एकाची डायल नव्यानं रंगवलेली, चकचकीत. दुसऱ्याची चहाच्या डागासारखी पिवळी. तो चकचकीत पुढे सरकवत राहिला, मी पिवळं उचललं. "मझारथून दखाडा," मी मागच्या झाकणावर बोट ठेवलं. तो भडकला. "इतला गिऱ्हाईक येतस, कोनी उघाडाले सांगत नही. पटस नही ते ऱ्हाऊ द्या!" मी काउंटरवरून हलले नाही. शेवटी चडफडत त्यानं मागचं झाकण काढलं. आतून सुईनं कोरलेलं होतं: उमाकांत, ११-४-९४. माझ्या वडिलांचं, अण्णांचं नाव. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळात हा घड्याळवाला असं गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख कोरायचा. हे कोरलेलं मात्र तो विसरला होता. त्या एप्रिलमध्ये अण्णांनी याच दुकानात घड्याळ साफ करायला दिलं होतं. परत मिळालेलं रोज दहा मिनिटं मागे पडायचं. "हे माझं नाही," अण्णा म्हणायचे आणि आम्ही हसायचो. ते गेल्यावर धुळ्याच्या कारागिरानं उघडलं, तर आत नकली मशीन निघालं. घड्याळवाल्यानं नाव वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि पटकन झाकणावर हात ठेवला. मी तो हात बाजूला केला. झाकण बसवून अण्णांचं घड्याळ मनगटावर बांधलं आणि पर्समधलं ते नकली मशीनचं घड्याळ त्याच्यासमोर ठेवलं. "दोन्ही एकच शेतस ना? मंग हाई तुम्ही ल्या."