मोजून आणा

"आई जावई शोधतेय की कर्ज देतेय, काही कळत नाही," मुलगी स्वतःशीच पुटपुटली. पण फोटोफ्रेमच्या त्या दुकानात दोन स्टुलांमध्ये जेमतेम वीतभर अंतर, त्यामुळे आईला ते नीट ऐकू गेलं.

"जावई एकदाच बघायचा असतो. इथे पंचवीस जण बघायचेत," आई म्हणाली. आजूबाजूचे सगळे तिला फ्रेमवालीच म्हणायचे. "पुढचा वाच."

मुलीने फोनवर बोट सरकवलं. ज्यांना पैसे हवेत त्यांची यादी त्या अ‍ॅपवर दिसायची. नाव नाही, चेहरा नाही. वय, धंदा, किती हवेत, कशाला हवेत आणि व्याज किती देणार, एवढंच. मध्ये बँक नाही. आपल्याला पटेल त्याला आपण दोन-चार हजार द्यायचे. फ्रेमवालीकडे दीड लाख साठले होते, लाकडाचे कोन कापायच्या मशीनसाठी. पण मशीनची किंमत दरवर्षी तिच्यापुढे दोन पावलं पळायची, आणि करवत चालवून चालवून तिचं उजवं मनगट हल्ली दुपारीच संपावर जायचं. म्हणून साठलेले पैसे व्याजावर लावून ती किंमत गाठायची होती.

पलीकडच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ बसला होता. एका गाडीवर तो ड्रायव्हिंग स्कूल चालवायचा. गेले तीन आठवडे गाडी गॅरेजात होती म्हणे, आणि तो चालत यायचा. कुठल्या गॅरेजात, ते मायलेकींनी विचारलं नव्हतं.

"वय चौतीस. बेकरी. एक्केचाळीस हजार तीनशे, ओव्हन घ्यायला. चौदा टक्के."

"याला दे. तीन हजार."

"लगेच?"

"वरचे तीनशे कुठून आले, सांग बरं? हा दुकानात जाऊन आलाय. घासाघीस केलीय, टेम्पोचं भाडं धरलंय."

तिच्याकडे गिऱ्हाईक यायचं ते दोन प्रकारचं. हवेत दोन हात धरून 'एवढासा फोटो आहे' म्हणणारं, आणि पट्टीने मोजून आणणारं. पहिल्याला ती 'मोजून आणा' म्हणून परत पाठवायची. हवेतलं माप घरून दुकानात पोचेपर्यंत चार बोटं तरी हलतं.

"आता हा बघ. वय बेचाळीस. व्यवसाय. एक लाख, घरगुती कारण. सव्वीस टक्के!" मुलगी ताठ बसली. "बेकरीवाल्याच्या जवळजवळ दुप्पट, आई."

"सव्वीस का देतोय?"

"कमी व्याजाने त्याला कोणी देत नाही म्हणून."

"मग मीच तेवढी शहाणी का?"

भाऊ हसला. जरा जास्तच वेळ हसला.

"अगं, पण पंचवीस जणांत वाटायचे ना," मुलगी म्हणाली. "एकदोघं बुडाले तरी बाकीच्यांच्या व्याजात भरून निघतं."

"आणि सहा बुडाले तर?"

"मग मुद्दलाला कात्री."

फ्रेमवालीने मान डोलावली. हे गणित तिला नवं नव्हतं. वीस काचांच्या पेटीत एखादी तडकलेली निघायचीच. तिचे पैसे बाकीच्या एकोणीस फ्रेमांच्या किमतीत आधीच धरलेले असायचे. सहा तडकल्या, की तो महिना मात्र फुकट.

"ताई," भाऊ म्हणाला, "परक्यांना वाटत सुटलीस नुसती. त्यापेक्षा मी देतो की तुला सव्वीस. घरातले पैसे घरात राहतील."

"किती हवेत?"

"लाखभर."

"कशाला?"

"धंद्यालाच. दुसरी गाडी बघतोय." बोलताना त्याचे दोन्ही हात हवेत उघडले होते.

"थांब मामा, तुझाही फॉर्म भरू," मुलीला गंमत वाटली. "वय एक्केचाळीस. ड्रायव्हिंग स्कूल. महिन्याची कमाई?"

"असते बरी."

"'बरी' घेत नाही हे. आकडा सांग."

"लिही तीस हजार."

"आधीची कर्जं?"

मामाने खाली पडलेली लाकडाची एक ढलपी उचलली आणि नखाने सोलायला घेतली. फॉर्म तिथेच थांबला. मुलीने हळूच फोन पालथा ठेवला.

फ्रेमवालीने काचेवर पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली, बोटांनी दाबलं. काच टक् करून दोन तुकड्यांत सुटली.

"तुला मी बिनव्याजी देईन रे," ती मान वर न करता म्हणाली. "पण वीस काचा असतात म्हणून एक फुटलेली चालते. भाऊ एकच आहे. तुझी तूट मी कुणाच्या किमतीत धरू?"

"म्हणजे नाही म्हण ना सरळ."

"नाही कुठे म्हटलं? मोजून आण."

तो उठला, दारापर्यंत गेला. समोर एरवी त्याची गाडी लागायची, तिथे कुणीतरी सायकल लावली होती. त्या सायकलकडे तो थोडा वेळ बघत राहिला. मग परत आला, पण बाकावर नाही बसला. बहिणीच्या समोरचं स्टूल ओढलं आणि हात मांडीवर ठेवले.

"गाडी गॅरेजात नाहीये, ताई. हप्ते थकले म्हणून उचलून नेली. सोडवायला सत्त्याऐंशी हजार चारशे चाळीस लागतात," तो म्हणाला. "त्यातले वरचे चाळीस रुपये आहेत माझ्याकडे."