थंडीतला नवरंग

नवऱ्याच्या वहीतली नोंद: "रविवार. नवरंग पक्षी, एक. ओढ्याकाठी."

बायकोला खटकलं. वीस वर्षं त्याच्या नोंदी तीच टाइप करत होती. नवरंग थंडीत इकडे फिरकत नाही. मग हा जातो कुठे?

पुढच्या रविवारी तिनेही बूट चढवले. "बघू तरी, कुठलं पाखरू आहे ते."

"चल की," तो म्हणाला.

ओढ्याकाठी तिने मुद्दाम रिकाम्या फांदीकडे बोट केलं. "तो बघ, नवरंग."

त्याने दुर्बीण लावली. "हो की. शेपटी हलवतोय."

खोटारडा. ती तोंड उघडणार, तोच तो परत फिरला आणि ओळखीच्या वाटेवरची पायरी पायाने चाचपू लागला.

तिने त्याचा हात धरला.

वहीतली नोंद, तिच्या अक्षरात: "रविवार. नवरंग, एक. दोघांनी पाहिला."