सटवाईच्या आधी

"पाचवी पुजल्याशिवाय लेकराला सुई लागायची नाही," असं म्हणत सासूबाईंनी तासाभराच्या नातीला पदराआड घेतलं. सिस्टर लस घेऊन तशीच उभी राहिली.

मी खाटेवरून म्हणाले, "आत्याबाई, माझ्या आईच्या रक्तात काविळीचा विषाणू होता. जन्मतानाच तो मला लागला. तिच्या लिव्हरमध्ये तो वर्षानुवर्षं दबा धरून बसला आणि तिथेच कॅन्सर होऊन ती गेली. हिला आज टोचलं, तर तो माझ्यापाशीच थांबेल."

"सटवाई कपाळी लिहील तेच होणार."

"पण ती येणार पाचवीच्या रात्री. आज हिचं कपाळ कोरं आहे."

सासूबाईंनी नातीच्या कपाळावरून बोट फिरवलं. मग पदर बाजूला करून त्या सिस्टरवर खेकसल्या, "उभी काय राहिलीस गं? टोच लवकर, सटवाई यायच्या आत!"